शेरा : पन्नास शब्दांत

फॉर्म हिंदीत, उत्तरं माळवीत,
अहवाल इंग्रजीत जाणार भोपाळला.
मधल्या मधे मी, इंदूरच्या रामबागेतली,
मराठीत गप्प.

प्रस्ताव साधाच होता.
बरखेडी खुर्दचं दूध केंद्र बंद.
आसपासच्या आठ गावांचं दूध आता
हमरस्त्यावरच्या एकाच मोठ्या कूलरमध्ये.
वीज वाचेल, डिझेल वाचेल, नासणार नाही लिटरभरही.
टिल्लूसाहेब म्हणाले, बघून या एकदा
कुणाला त्रास होतोय का.
सहा तर किलोमीटर.

पहाटे साडेपाचला पोचले.
केंद्र म्हणजे एक खोली, एक काटा,
फॅट सांगणारं यंत्र
आणि त्यावर डोळे लावून बसलेली सौरम,
दहावी नापास, दशांश चिन्हात पक्की.
ओळीत बरण्या, बरण्यांमागं बायकाच बायका.
धापूबाईनं चिठ्ठी घेतली,
न वाचता घडी घालून चोळीत ठेवली.
चार बहिणींच्या पाठीवर आली म्हणून धापू,
म्हणजे पुरे, पोट भरलं.
तिनंच सांगितलं, हसत.

मी विचारलं, दूध विकतं कोण?
म्हैस माझी, म्हणाली.
आणि केंद्र सहा किलोमीटर लांब गेलं तर?
तर मोटरसायकल.
मोटरसायकल कुणाची?

ती बघत राहिली माझ्याकडं,
शिकवलेलं अक्षर ओळखू न येणाऱ्या पोराकडं बघावं तशी.
मग सावकाश म्हणाली,
बेन, मोटरसायकल कुणाची असते?

वाहतुकीचं साधन उपलब्ध आहे का?
मी लिहिलं : आहे.
कुटुंबाच्या उत्पन्नात घट?
दूध तेवढंच, दर उलट पंचवीस पैसे जास्त.
मी लिहिलं : नाही.
विरोध?
कुणी घोषणा दिली नव्हती. नाही.
एकेक उत्तर खरं होतं,
बेरीज तेवढी खोटी येत होती.

दर दहा दिवसांनी हातात पडणारं पाकीट,
त्यातून गेंदानं करून घेतलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
नवऱ्याला न विचारता.
फॅट लागेपर्यंतचा अर्धा तास,
भांडणं, औषधं, कुणाच्या सुनेला कितवा महिना.
आणि ते पौषातलं :
तीन दिवस लीलाकुंवर दिसली नाही
तेव्हा दूध घालून चौघी जणी
रिकाम्या बरण्यांसकट तिच्या दारात उभ्या राहिल्या.
कडी बाहेरून होती.

ह्याला रकाना नव्हता.

शेवटी शेरा, पन्नास शब्दांत.
मी पन्नासच लिहिले, बोटांवर मोजून.
टिल्लूसाहेब माणूस वाईट नाही,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं त्यांनी, दोनदा.
म्हणाले, भावना काढा, आकडे ठेवा.
मी आकडे ठेवले :
एकसष्ट बायका. छत्तीस पाकिटं वर्षाची, प्रत्येकी.
रोज अर्धा तास.
अर्धा तास कशाचा, त्यांनी विचारलं.

त्याचा इंग्रजी शब्द मला आठवेना.
मग मराठी आठवून पाहिला.
तोही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आमच्या कोपऱ्यावर
दूधवाल्याच्या क्रेटमधून पिशवी उचलली.
दिव्याखाली पहिल्यांदाच वाचलं तिच्यावरचं :
फॅट सहा टक्के किमान. उकळून घ्या.
कुणाचं, ते नव्हतं.
घरी येऊन कोपरा कापला.
खाली कचऱ्याची गाडी आली, भोंगा वाजवत.
आमचं शहर ह्या बाबतीत पक्कं,
ओलं वेगळं, सुकं वेगळं.
बोटाला चिकटलेला तो चिमूटभर कोपरा,
आतून ओला, बाहेरून सुका,
घेऊन मी उभी राहिले दोन डब्यांसमोर.

गाडी खाली थांबली होती.