जुन्या बिलांवरचा दर

उद्यमनगरात रात्री साडेनवाला लेथ थांबतात,
आणि मग कळतं
दिवसभर आपण किती ओरडून बोलत होतो.
माळ्यावर मी, एक कॉम्प्युटर,
बिडाच्या धुळीनं काळवंडलेला कीबोर्ड.

चौगुले सकाळीच बोलून गेलेत :
"काय केलंयस गा? दर वाढवला आजचा,
आणि दोन हजार अकराची बिलंबी वाढली!
मेलेल्या गिऱ्हाइकांकडनं बाकी मागू काय आता?"

चूक सापडते. जिऱ्याएवढी.
फंक्शनला दरांच्या यादीची नक्कल द्यायची,
मी दिला पत्ता.
ते गेलं त्या पत्त्यावर सरळ
आणि मूळ यादीच खोडून आलं.
आणि प्रत्येक बिल, नवं-जुनं,
त्या एकाच यादीकडे बोट दाखवून उभं.

धोंडिराम सुतारांनी हे मला कधीच सांगितलं होतं,
सागाच्या तुकड्यावर कानस फिरवताना :
"ड्रॉइंगची झेरॉक्स दे खुशाल,
तिच्यावर कुणी चहा सांडू दे.
पॅटर्न पाठवलास तर मात्र मागनं तूबी जा.
फौंड्रीत कुणी एक सूत घासलं
की पुढचा सगळा माल एक सूत बारीक.
आणि परत आल्यावर
पॅटर्न काय बोलत नसतोय."

एक ओळ वाढवतो : आधी नक्कल, मग हवाली.
चालवतो.
दर सरकत मागे जातात, जागेवर बसतात.
दोन हजार अकरा, श्रावण : बासष्ट रुपये किलो.
खाली, बिल करणार : र. दा. मगदूम.
बाबा.

परवा आई म्हणाली,
"कधी आवाज चढवला नाही रे त्यांनी."
मी तिला रंकाळ्यावरची ती थप्पड सांगणार होतो,
भेळेचा कागद पाण्यात टाकला म्हणून बसलेली,
आणि सांगितलीही, हसत हसत.
ती म्हणाली, "छे, थोपटलं असेल."

तेव्हापासून
आठवायला गेलो की हात वर जातो
आणि खाली येताना मऊ होतो.
डावा गाल की उजवा, तेही आता नक्की नाही.

नक्कल ठेवायला हवी होती.

दिवा घालवतो, शटर ओढतो.
कुलपाची किल्ली एकच आहे, बाबांच्या करगोट्याला असायची ती.
दुसरी करून घ्यायची
असं सहा वर्षं म्हणतोय.