कापरा हात

बाबांच्या टेबलावर तीन फोटो असायचे, काळेपांढरे,
कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.
कुठल्याशा मठातल्या एका छापील पुस्तकाच्या
शेवटच्या कोऱ्या पानांवर
कुणीतरी बारीक ग्रीकमध्ये उतरवून ठेवलेलं पत्र.
एका डीकनने एका विधवेला लिहिलेलं, दुसऱ्या शतकातलं,
असं म्हणायचे.
पुस्तक पुढे हरवलं.
राहिले फोटो,
आणि जगभरात एकमेकांशी बोलणं टाकलेले विद्वान.
त्यातले दोघे कोल्हापुरात,
आणि हे दोघे मात्र बोलायचे.

रेव्हरंड शद्रख आवळे, माझे वडील.
आजोबा पापाच्या तिकटीजवळ चपला शिवायचे.
या पत्त्यावरनं पाळकमंडळात पुष्कळ हशा झाला,
बाबाही हसायचे, सगळ्यांच्या नंतर.

आणि दत्ताजी सरनोबत, दफ्तरखान्यातले, मोडीचे.
ग्रीकचं एक अक्षर येत नव्हतं त्यांना.
"वाचायचं कशाला? बघायचं," म्हणत भिंग काढायचे.
उभा जन्म त्यांनी खोट्या सनदा पकडल्या होत्या:
चहाच्या पाण्यात बुडवून म्हाताऱ्या केलेल्या,
चार बिघ्यांच्या इनामासाठी
मेलेल्या पणज्याला पुन्हा शिक्का उठवायला लावणाऱ्या.

"हे बघा आवळे, हात कापरा आहे.
खरा लिहिणारा पळतो. नक्कल करणारा चालतो,
पायाखाली बघत बघत.
इथं लेखणी उचलली. इथं परत टेकवली.
शब्दाच्या मध्येच कोण दम खातं?"

बाबा म्हणायचे, थंडी असेल. मठ डोंगरावर होता.
तुम्हाला तो खरा हवाय, आवळे.
तुम्हाला खोटा हवाय, सरनोबत.
चहा निवायचा.
एकोणीस वर्षं, दर शनिवारी,
कुस्ती काही निकाली झाली नाही.
आखाडा आई झाडायची. शेंगांची टरफलं, विड्यांची राख.

परदेशात कुणी त्या डीकनचे शब्द मोजले, तक्ते केले, आणि लिहिलं:
हे पत्र फारच त्याच्यासारखं आहे,
इतका स्वतःसारखा तो स्वतःसुद्धा लिहीत नव्हता.
त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

सगळं भांडण एका ओळीचं.
चारी शुभवर्तमानांत कुठंच नसलेली, पत्रातच आलेली:
आणि त्या रात्री येशू काहीच बोलला नाही.
त्या बाईच्या चुलीपाशी बसून राहिला,
आणि विस्तव मंदावला तेव्हा त्याने फुंकर घातली.

व्यासपीठावरून बाबांनी ती कधी वाचली नाही.
शास्त्रात नाही ते तिथून बोलायचं नाही.
फक्त माझा धाकटा भाऊ गेला, त्या आठवड्यात
एका रात्री स्वयंपाकघरात आईला ती म्हणून दाखवली.
आईने विचारलं, कुठल्या अध्यायात आहे हो?
बाबा गप्प.
दाराआडून मला ते गप्प राहणंही ऐकू आलं.

शेवटची सहा वर्षं त्यांना कंपवात होता.
गुऱ्हाळं सुरू झाली आणि ते गेले.
नंतर त्यांचं बायबल उघडलं,
तर शेवटच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने, मराठीत,
तीच ओळ.

सरनोबत भेटायला आले. मी पान पुढे केलं.
सवयीने हात खिशात गेला, भिंग निघालं.
अक्षरं थरथरलेली.
'मंदावला' लिहिताना पेन्सिल दोनदा उचललेली,
अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेला.
"आता माझ्या नियमाप्रमाणे," ते म्हणाले,
आणि पुढे काही म्हणाले नाहीत.
भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.
"तारीख घालायला हवी होती यांनी,"
एवढं बोलून चपला शोधू लागले.
त्या पायातच होत्या.

मत त्यांनी बदललं नाही.
दोन महिन्यांनी टिपण छापून आलं:
पत्र बनावट, संशयाला जागा नाही,
खाली फोटोंवर बाण काढलेले, कंप कुठे कुठे आहे त्याचे.
आणि अगदी तळाला, डोळे ताणून वाचावी लागणारी
टीप क्रमांक सात:
थंडीची शक्यता तपासलेली नाही.