काळ्या पट्टीवरचं मेण

मेण पत्र्यासाठी असतं,
काळ्या प्लास्टिकला लावू नये,
हे डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय.
बारीक अक्षरं आमच्या घरात
हल्ली मीच वाचते.

रविवारी ह्यांनी गाडी चकाचक केली.
सोमवारी बंपरवर, दाराखालच्या पट्टीवर,
आरशाच्या बुडाशी
पांढरे फराटे उठले,
परातीतलं पीठ सांडावं
आणि कुणी ओल्या हातानं सारवून ठेवावं, तसे.

पाणी मारलं, गेले.
वाळलं, परत आले.
शाम्पूचंही तेच.
इलाही मिस्त्री जाता जाता सायकल टेकवून म्हणाला,
"वैनी, दाणेदार प्लास्टिक हाय ते.
मेण खड्ड्यात जाऊन बसतंय.
वरनं पुसून काय हुतंय?
शेंगतेल लावा, न्हाईतर सरळ खोडरबर घ्या."

खोडरबर.
एकतीस वर्षं म्युन्सिपाल्टीच्या शाळेत
चौथीच्या पोरांना हेच तर शिकवलं :
दाबू नको. एकाच दिशेनं ने.
कागद फाटला की चूक कायमची.

म्हणून आज जवाहरनगरात, सकाळी साडेसहाला,
गाडीशेजारी पाट टाकून बसलेय.
वाटीत शेंगतेल, जुना टूथब्रश,
कंपासमधलं उरलेलं रबर.
दूधवाला किटली वाजवून गेला,
बघून न बघितल्यासारखं करून.
पांढऱ्याच्या वळकट्या होतात, खाली पडतात,
खालून काळं येतं.
नव्यासारखं नव्हे,
पण काळं.

भिंतीकडची बाजू हातात घेतली
तर तिथं काही नव्हतंच.
मेण कडेपर्यंत आलेलं, कडेला थांबलेलं,
पट्टी लावून रेघ मारावी तसं.
हा हात मी ओळखते.
उद्यमनगरात सागवानी पॅटर्न करणारा हात.
तिथं अर्धं सूत चुकलं
की ओतलेला सगळा माल भंगारात.
मेण लावताना कडेला चिकटपट्टी
ह्यांनी कधी लावली नाही.
"आमी काय शिकाऊ हाय?" म्हणायचे.

मग उन्हाकडची बाजू.
सगळी कड ओलांडलेली.
एका ठिकाणी नव्हे, दारोदार.
सकाळचं ऊन लाल पत्र्यावरून डोळ्यात आलं असणार
आणि लाल कुठं संपतं, काळं कुठं लागतं,
दिसलंच नसणार.

रबर हातात तसंच राहिलं.

गेल्या दिवाळीपासून रात्री गाडी काढत नाहीत.
"समोरच्यांचे लाइट लई मारत्यात आता."
जोतिबाला जाताना चावी भाच्याकडे.
"घाटात त्याला सवय हुईल."
पेपरातले मथळे मोठ्यानं वाचून दाखवतात,
बातमी मला विचारतात.
आणि मी, जन्मभर वह्या तपासलेली बाई,
ह्या सगळ्यावर बरोबरची खूण करत आले.

चहाचे दोन कप घेऊन बाहेर आले.
कपाळावर हात आडवा धरून
गाडीकडं बघत उभे.
"गेलं का गं?"
"गेलं."
मी तेल लावलेली पट्टी फडक्यानं पुसली.

कप बॉनेटवर ठेवला.
वाकले, आणि तोंड दुसरीकडंच, नळाकडं करून
अंगठा पट्टीवरून फिरवत नेला,
बंपरपासून मागच्या दारापर्यंत,
सावकाश,
लाकडाचा रंधलेला तुकडा तपासावा तसा.
बिजागरीखाली थांबला.
"हितं ऱ्हायलंय."

मी नाक लावून बघितलं.
राहिलं होतं. तांदळाएवढं.

रबर त्यांच्या हातात दिलं.
जागा बोटानं धरून, डोळे मिटून
खोडत बसले.
मी म्हटलं, "बुधवारी शाहूपुरीत जायचंय.
दहाची वेळ मिळती का बघते."

कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.
लुंगीवरचा चुरा झटकला,
आणि हात माझ्या बाजूला पसरून म्हणाले,
"बरश दे तो. कोपऱ्यात रबर जाईना."