कारण

मचाणावरून आधी धूर दिसत नाही,
घारी दिसतात.
दरीच्या तोंडाशी एकाच जागी घिरट्या घालतात,
खाली जीव घेऊन पळणाऱ्या टोळांवर, सरड्यांवर डोळा ठेवून.
मग वास येतो.
सालईचा डिंक पेटला की सगळी दरी
देव्हाऱ्यासारखी घमघमते,
आणि मला दर वेळी लाज वाटते
की पहिला श्वास मी ऊरभर घेते.

वायरलेसवर सांगितलं :
गडाच्या बुरजाखाली, कंपार्टमेंट चारशे सतरा.
गेडाम मॅडमनं विचारलं, किती मोठी?
मी म्हटलं, नांगरायला काढली
तर दोन बैलांना आठ दिवस पुरेल, एवढी.
त्यांनी हेक्टर लिहून घेतले असतील.

अंधार पडला तसा
खाली परतवाड्याच्या रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या.
अमरावतीची माणसं काचा खाली करून
मोबाईल वर धरून उभी.
तिथून म्हणे डोंगराच्या गळ्यात
एकदाणी घातल्यासारखी दिसते आग.
एका बातमीवाल्यानं माझा नंबर कुठून तरी मिळवला.
'गड वाचेल ना?'
गड दगडाचा आहे, भाऊ.
तोफा खाऊन उभा आहे तो.
गवत जळालं तर उलट उघडा पडेल,
तुमच्या फोटोत नीट येईल.
त्याला पुढं सांगणार होते
तितराच्या अंड्यांचं, चारोळीच्या रोपांचं,
धावड्याच्या ढोलीतल्या घुबडाचं,
पण तेवढ्यात रेंज गेली.

आम्ही अकरा जण. ब्लोअर दोन,
त्यातला एक नुसताच खोकतो.
बाकीच्यांच्या हातात ओल्या डहाळ्या.
मारायचं, मागं सरायचं, पुन्हा मारायचं.
बांबूची पेरं बंदुकीसारखी फुटत होती,
बाटूच्या भुवया जळाल्या, तो हसत होता,
का ते त्यालाही सांगता आलं नसतं.
जाळरेषेवर आग अडली.
तीन आठवडे कंबर मोडून झाडलेली रेषा,
आमच्या चुलीपुढच्या अंगणाहून स्वच्छ.
अडली, आणि आम्ही खाली बसलो.

तेव्हा एक ससा आला आतून.
पाठ पेटलेली.
सरळ रेषा ओलांडून
पलीकडच्या कुसळी गवतात शिरला,
आणि पलीकडचा डोंगर लागला.

कुणी शिवी दिली नाही.
शिवकलीनं डहाळी उचलली,
म्हणाली, 'त्याले काय ठाऊक.'

विझता विझता तिसरा दिवस उजाडला.
घरी आले तर ओट्यावर टोपलं,
मोहाच्या फुलांनी शिगोशीग.
फुलं पांढरी, टपोरी,
एकालाही पानाचा कचरा चिकटलेला नाही.
झाडाखालची पाचोळ्याची जमीन
झाडून एवढी साफ होत नाही.
हे मायला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे,
आमच्या मोहाखालच्या काळ्या गोलाला ठाऊक आहे,
ज्याची एक बाजू
नाल्याकडून वर, गडाकडे निघून गेली आहे.

मायनं पाणी दिलं.
माझ्या टाचांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, 'यंदा फुलं बरी पडली.'
मी म्हटलं, हो.

दहा वाजता मॅडम फॉर्म घेऊन आल्या.
हेक्टर भरले, झाडं भरली, तारीख भरली.
'आगीचे कारण' या रकान्याशी
पेन अडलं. त्यांनी झटकलं, तळहातावर घासून पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं नाही,
त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी.
'अज्ञात लिहू ना?'
बाहेर टोपल्यावर माशा घोंघावत होत्या.

दुपारी पुन्हा मचाणावर.
दरी काळी, मधूनमधून
एखादा ओंडका स्वतःशीच धुमसतोय.
गड खरंच उघडा पडला आहे,
रविवारी गर्दी होईल.
घारी नाहीत.
डब्यात भाकरी, आणि फडक्यात बांधलेली
भाजलेली मोहफुलं, मूठभर.
गोड होती.
खाल्ली मी.