धार

मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
अकरा नंबरची खोली माझी.
एक नरसाळं, खाली वजनकाटा, पार्टिशनमागे मी.
लोक आत जाऊन लघवी करतात
आणि यंत्र तिचं चित्र काढतं.
शिपाई मला माघारी काय म्हणतो ते ठाऊक आहे.
म्हणू दे.

चांगली धार कागदावर दंडोबाच्या डोंगरासारखी उमटते,
झपकन चढते, माथ्यावर जरा टेकते, उतरते.
अडलेली धार म्हणजे जतचा माळ.
संपता संपत नाही.

दस्तगीर मुल्ला, वय एकाहत्तर,
तंबोऱ्यांना पॉलिश करण्यात नखं कायमची तांबूस झालेली.
पंधरा मिनिटं झाली तरी आत शांतता.
मी बेसिनचा नळ बारीक सोडला.
लाजऱ्या धारेला दुसऱ्या पाण्याची सोबत लागते,
हे मला कुणी शिकवलं नाही.
आतून आवाज आला, "ताई, तार लागंना."

डॉक्टरांनी त्यांना लेसरचं समजावलं, त्यांनी ऐकलं,
मग माझ्या दारात येऊन हळूच विचारलं,
"आतनं कोरत्यात म्हणं. भोपळा कोरतो तसं?"
तसंच.
"आणि साल?"
साल तशीच राहते, चाचा. पोटावर चिरा नाही.
"मग जमंल," म्हणाले,
जणू ऑपरेशन तेच करणार होते.

बेडगची अन्वी, सहा वर्षांची. वर्षात चारदा ताप.
आई म्हणाली, हट्टी आहे, मुद्दाम अंथरूण भिजवते.
एकदा उलथनं तापवलं होतं,
नुसतं दाखवायला.
फोटोत दिसलं, औषधाचं पांढरं पाणी
खाली यायचं सोडून मूत्रपिंडाकडे चढतंय.
आई फोटोकडे बघत राहिली, मग पोरीच्या चपलांकडे.
दुर्बिणीतून एक थेंब टोचला, टाका नाही.
बाकीचं काम माझ्या पडद्यावरच्या माशाचं:
ओटीपोट सैल सोडलं की मासा उडी मारतो.
अन्वीनं तिसऱ्या आठवड्यात त्याला इतकं उंच उडवलं
की तो पडद्याबाहेर गेला.
"गेला कुठं?"
कृष्णेत, मी म्हटलं. दुसरं काय सुचणार?

आणि कवठेमहांकाळचं ते बाळ,
पोटात असतानाच सोनोग्राफीत
ज्याचं मूत्राशय कुलपाच्या भोकासारखं दिसलं होतं.
जन्मल्यावर चौथ्या दिवशी
बोरूपेक्षा बारीक नळीनं आतला पडदा कापला.
त्याचा आलेख माझ्याकडे नाही.
त्यानं सरळ सिस्टरच्या ॲप्रनवर काढला, कमान करून,
सगळे हसले,
फक्त त्याची आजी हात जोडून उभी.

माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. मिरज ते विजापूर.
गाडी भरलेली असली की थांबायचे नाहीत.
खडा आवळ्याएवढा निघाला, बेंबीखालून पोट फाडून,
पण तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.
क्रिएटिनिन हा शब्द आमच्या घरात
दुधाच्या भावासारखा रोज विचारला जायचा.
आईनं खडा हिंगाच्या डबीत ठेवलाय. अजून आहे.
आता असल्या खड्याची आतल्या आत पूड करतात,
गाळणीत भुरा उरतो, पाकिटातून तपासायला जातो.
डबीत ठेवावं असं काही राहत नाही.

दीड महिन्यानं चाचा आले. नळ सोडावा लागला नाही.
दंडोबा नाही म्हणता येणार, पण बऱ्यापैकी टेकडी.
कागद मागून घेतला त्यांनी,
दुकानात लावणार म्हणाले, भोपळ्यांच्या वर.
मी म्हटलं, गिऱ्हाईक विचारील हे काय.
"सांगीन, माझी आलापी."

संध्याकाळी सगळे गेल्यावर
यंत्र बरोबर मोजतंय का ते जगानं पाणी ओतून बघावं लागतं.
एकदा सरळ ओतते, नियमाप्रमाणे.
कधी कधी दुसऱ्यांदा ओतते.
बारीक. मग थांबते. पुन्हा बारीक. पुन्हा थांबते,
रस्त्यात कुणी हात केल्यासारखी.
कागद बाहेर येतो: वेळ एक मिनिट बावन्न सेकंद.
रुग्णाचं नाव, यंत्र विचारतं.
मी जग उपडा करून ठेवते.