एक कोटी एकोणीस

अम्माची पासबुकं सात. पाच निळी,
एकाचा पुठ्ठा गेलेला,
एक वाळवीनं मधोमध खाल्लेलं.
कुंभारीच्या घरकुलात, एप्रिलच्या दुपारी,
पंखा गरम वारा खाली ढकलत असताना
मी त्यांची बेरीज मांडली.
तेहेतीस वर्षांचं रोजचं हजार, आजारपणं वजा,
आणि चेकरनं छाट म्हणून फेकलेल्यासुद्धा.
मजुरीत त्या कधी धरल्या नाहीत,
मी धरल्या.
शेवटी सुपात राहिलेल्या, पंचविसाचा कट्टा
न भरलेल्या एकोणीस.

एक कोटी एकोणीस.

मास्तरकीची खोड, भाग देत बसले.
अंकांची बेरीज अकरा, म्हणजे तीन बाद.
सातानं भागलं, एक उरली.
अकरानं सात.
तेरानं तीन.
सतरानं पुन्हा सात.
शेजारच्या गल्लीत पॉवरलूम खटखटत होता
आणि धोटा परत येई तेव्हा माझ्याकडे काहीतरी उरलेलं असे.

वर्गमूळ तीन हजार एकशे बासष्टच्या जरा पुढं.
तिथवर मूळ संख्या चारशे सेहेचाळीस.
तेवढ्यांच्या दारी जाऊन आलं की झालं.
तीन रात्री गेले, वहीचे कोपरे घामानं मऊ झाले.
कुणीच तिला पुरती घेतली नाही.
एक, आणि ती स्वतः,
बाकी कुणाचा वाटा नाही.
कोटी ओलांडल्यावर भेटणारी ही अशी पहिली.

अम्मा उंबऱ्यावर बसली होती.
हातात पान नाही, तंबाखू नाही,
अंगठा मात्र तर्जनीवर अजून वळतच असतो.
सांगितलं तिला.
"भागच जात नाही? येंदुकु?"
का ते मलाही नीट सांगता येईना.
म्हटलं, एक कमी वळली असतीस
तर दोघींत सारख्या झाल्या असत्या,
पन्नास लाख नऊ, पन्नास लाख नऊ.
एक जास्त वळली असतीस
तर शेडमधल्या तुम्ही साठ जणी,
यादम्मा, ईरव्वा, ती तोतरी बालामणीसुद्धा,
प्रत्येकीला एक लाख सहासष्ट हजार सहाशे सदुसष्ट,
एकही न उरता.

तिनं बराच वेळ रस्त्याकडं पाहिलं.
"एक जास्त वळलेली," ती म्हणाली,
"चेकरनं नेली असेल."

हे तिला सांगितलं नाही:
वाळवीच्या पानांवर आकडाच नव्हता,
नुसती जाळी होती.
तिथं मी पेन्सिलनं अंदाज लिहिला.
त्या वर्षी ती एक विडी इकडची तिकडं झाली असेल
तर हे सगळं मूळपण गेलं,
दोनानं भाग जाणारी साधी संख्या उरली.

खोडरबर टेबलावरच होता.
सुपातल्या एकोणीस पुन्हा मोजल्या.
अठरा भरल्या.
अम्मा म्हणाली, "ईरव्वाचा नवरा येऊन गेला सकाळी."