योग्य तिथे खूण करा

अमरावतीहून दहाच्या एसटीनं पोरगा आला,
गळ्यात कंपनीचं कार्ड, बगलेत फॉर्मचा गठ्ठा.
वरूडच्या बसस्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान,
पंख्याखालची एकुलती खुर्ची त्यानं धरली.
म्हणाला, ताई, नवी सिस्टीम येतेय.
काँप्युटर चालू केला की सगळ्यात आधी जी जागी होते, ती.
पूर्ण मराठीत. किंमत अजून ठरली नाही,
लोकांना विचारून ठरवणार.
विचारून?
मी पंखा एक घर वाढवला.

चार रकाने होते: एक हजार, तीन हजार,
सहा हजार, त्याहून जास्त.

गुणवंतराव बोबडे, संत्र्याचे दलाल, उधारीचे फोटो न्यायला आलेले:
"आमी फूल पाहून बाग घेतो राजेहो.
गार पडली तं आमची, फळ धरलं तं आमचं.
तुमी तं फूलबी दाखवून नाही रायले.
एक बहार वापरू द्या, मंग भाव काढतो."
काका, यातलं एक निवडा, पोरगा म्हणाला.
काकांनी चष्मा पुसला. पेन तसाच राहिला.

हसनभाई संत्र्याच्या पेट्या बनवतात.
"पेटीले फळी लागते, खिळा लागते, ठोकनारा लागते.
तुमी एकडाव बनवलं, लाख जागी तेच चिटकवलं,
मंग दुसऱ्या पेटीचे पैसे कायचे?"
त्यांची शबनम, बारावीला आहे, हळूच बोलली,
"अब्बा, तुमचं नाव छापलेल्या पेटीत
दुसऱ्यानं माल भरला होता तेव्हा?"
हसनभाई गप्प.
तीन हजारावर खूण झाली,
बापानं केली की लेकीनं, मला दिसलं नाही.

उईके मास्तरांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला.
"पैसे एकदाच, की दरवर्षी?"
एकदाच सर. म्हणजे, सध्या तरी.
"हे 'सध्या' कोणत्या रकान्यात आहे?"

मला त्यानं विचारलं नाही, बरंच झालं.
माझ्या मशीनमधली सिस्टीम कोणी विकत घेतलेली नाही.
मोर्शीच्या एका पोरानं सीडीवरून टाकून दिली,
दोनशे रुपये आणि पोह्यांची एक प्लेट.
तेव्हापासून कोपऱ्यात रोज एक सूचना उठते,
आणि मी ती रोज बंद करते, माशी हाकलावी तशी.

देवकाबाई सात वर्षं माझ्याकडे आहे.
सातबारा, दाखले, पत्रिका, सगळं तीच काढते.
अक्षरं वाचत नाही, जागा ओळखते:
वरून तिसरं, मग निळं, मग खाली उजवीकडं.
काळोखात मिठाचा डबा सापडतो तसं.
ती म्हणाली, "भाऊ, हे आहे तसंच राहू द्याचे
किती घेसान?"
पोरानं फॉर्मवर बोट फिरवलं, वरून खाली,
मग खालून वर.

फॉर्म संपत आले होते त्याचे.
तीस प्रती काढा ताई. किती?
साठ.
पंचेचाळीसमध्ये करा ना, कंपनी देत नाही हो.
केले.

देवकाबाईनं टोनर भरून हात नीट पुसले नव्हते.
काचेवर तिचा अंगठा राहिला असावा.
तो तीसही कागदांवर उमटला,
चारही रकान्यांच्या बाहेर,
आणि पोरगा दुपारच्या शेंदुरजन्याच्या गाडीनं
ते कागद घेऊन गेला.